उजेड धरणारे : दिवटी ते शार्पी

मराठी रंगभूमीच्या इतिहासाची जी पुस्तके मी विद्यार्थी असताना वाचली आणि आज वर्गात शिकवतो, त्यांत नाटककार भेटतो, नट भेटतो, कंपनीचा मालक आणि त्याला आश्रय देणारा संस्थानिक भेटतो, फार तर पडदे रंगविणारा भेटतो. दिवा धरणारा माणूस भेटत नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, ते कुणाच्या पदरी राहून आणले, हे आपण परीक्षेत विचारतो. पण त्या शतकातले खेळ समया, पणत्या आणि दिवट्या यांच्या उजेडात होत. दिवटी म्हणजे दांड्याला गुंडाळलेल्या चिंध्यांचा पेटता बोळा. तिला थोड्याथोड्या वेळाने तेल पाजावे लागते, नाहीतर ती धूर ओकून विझते. म्हणजे दिवटीपाशी रात्रभर एक माणूस उभा असलाच पाहिजे. तो कोण होता? त्याची जात कोणती? पहाट झाल्यावर त्याच्या पदरात काय पडे? इतिहास लिहिणारा त्या उजेडात बसून पुढे पाहत होता; मागे वळून पाहण्याचे त्याला कारणच नव्हते.

मला तरी हा प्रश्न ग्रंथालयात कुठे पडला? गेल्या एप्रिलमध्ये करमाळ्यात जयंतीनिमित्त भीमगीतांचा कार्यक्रम होता. दिव्यांच्या टेबलावर बसला होता माझाच एक विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी तो बी. ए.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडून एका लाइटवाल्याकडे कामाला लागला, तेव्हा मी त्याला चार लोकांसमक्ष सुनावले होते, ''वायरी ओढायला शिकलास काय रे?'' आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला पदवीबाहेर काही ज्ञान असते हे खरेच वाटत नाही. हा आमचा दोष आहे आणि तो मी कबूल करतो. त्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. त्याने जे केले ते समजून घेताना मला मागचे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचे ओझे दिसू लागले. म्हणून हा लेख.

आधी एका बाबतीत काटेकोर राहिले पाहिजे. आपल्या लिखाणात गावगाड्याचे सगळेच ओझे महाराच्या डोक्यावर ठेवण्याची सवय झाली आहे. मशाल धरण्याचे काम अनेक गावांत न्हाव्याकडे होते. महार-मांगांच्या वाट्याला आलेली कामे निराळी आणि पुष्कळदा अधिक जड होती. पण काम कुणाचेही असो, उजेड धरणे हे चाकरीचे काम, आणि ज्याच्यासाठी तो धरायचा तो धरणाऱ्याच्या वरचा, हा नियम कायम होता. आमच्या करमाळ्यात कमलाभवानीचे मंदिर आहे. अठराव्या शतकात रावराजे निंबाळकरांनी बांधलेले. त्याच्या उंच दीपमाळा पाहायला लोक येतात. २०१६ च्या 'सैराट'ने तर हा सारा परिसर जगाला दाखविला. दीपमाळ कुणी बांधली हे इतिहासाने जपले. तिच्यावर तेल घेऊन चढणाऱ्याचे नाव जपण्याची कुणाला गरज वाटली नाही.

तमाशात ही गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते. तेथे उजेडात उभी राहणारी माणसेच महार, मांग, कोल्हाटी समाजातली. पाहणारा अंधारात, म्हणजे सुरक्षित. हिवरगावची पवळा (१८७०-१९३९) ही महार समाजातली कलावंत. शाहीर म्हणून नाव झाले ते पट्ठे बापूराव कुलकर्ण्यांचे. मशालीचा उजेड पवळेच्या अंगावर पडत होता. पण दिसणे म्हणजे मान मिळणे नव्हे. महाडच्या सत्याग्रहाच्या दिवसांत बापूरावांनी खेळाचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, हे आपल्याकडे सर्वश्रुत आहे. त्या नकारामागे हा उजेडाचा प्रश्नही होता, असे मला आता वाटते. आपल्या बायका कुणाच्या उजेडात आणि कुणाच्या डोळ्यांसाठी उभ्या आहेत?

मशालीनंतर बत्ती आली. तिचा जन्म आपल्या गावांपासून फार दूरचा. ऑस्ट्रियाच्या कार्ल औअर यांनी १८८५ मध्ये विशिष्ट क्षारांत बुडविलेली जाळी ज्योतीवर धरून पांढरा उजेड काढला. आपण तिला मेंटल म्हणतो. पुढे त्या जाळीत थोरियम आले. थोरियम असलेले खनिज १९०९ साली त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत एका जर्मन रसायनतज्ज्ञाला सापडले. बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ कंपनीने १९१०च्या सुमारास रॉकेलवर, पंपाने हवा भरून जळणारी पेट्रोमॅक्स काढली. म्हणजे वाळू आपली, बत्ती जर्मनीची, आणि ती वाहणारे डोके पुन्हा आपले. नाटक कंपन्यांनी किटसनच्या मोठ्या बत्त्या घेतल्या. तमाशाच्या फडाला, कीर्तनाला आणि लग्नाच्या वरातीला गॅसबत्ती आली.

आंबेडकरी जलशालाही तीच आली. १९३०नंतरच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी गावोगाव जलसे केले. तमाशाचे अंग घेतले आणि आशय बदलला. गणात गणपतीऐवजी नवा विचार आणला, गौळणीची टर उडविली. त्यावर आपल्याकडे बरेच लिहून झाले आहे. उजेडाबद्दल कुणी लिहिले नाही. आमच्या वस्तीतले म्हातारे सांगतात की जलशाच्या रात्री बत्ती लिंबाच्या फांदीला टांगलेली असे, आणि मेंटल फुटले, हवा कमी झाली की वस्तीतलेच कुणी पोर उठून पंप मारी. क्षुल्लक वाटेल, पण तीच बत्ती पाटलाच्या वरातीत डोक्यावर असे. झाडाला टांगलेली बत्ती आणि माणसाच्या डोक्यावरची बत्ती यांत मेंटल एकच असते, रॉकेल एकच असते. बाकी सगळे वेगळे.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. वतने प्रत्यक्ष गेली ती १९५८च्या कायद्याने. बत्ती मात्र राहिली. फरक इतकाच की बलुत्याच्या जागी रात्रीचा रोज आला. माझी आज्जी १९७०-८०च्या काळात वरातींत बत्ती घेई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बत्ती, एक हात वर. ''नवरा कसा दिसत होता गं?'' असे आम्ही पोरे विचारायचो. तिला सांगता येत नसे. मान वर केली की बत्ती कलते, म्हणून नजर खाली, पुढच्याच्या टाचांवर. पेट्रोमॅक्सची टाकी बुडाशी असते, त्यामुळे बरोबर खाली गोल सावली पडते आणि त्या सावलीत धरणारीचा चेहरा असतो. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्या घरात म्हण नव्हती.

मी स्वतः सहावी-सातवीत असताना जनरेटरच्या गाड्याला वायरने जोडलेला ट्यूबलाइटचा सांगाडा एका वरातीत धरला आहे. एकदाच. वर्गातला एक मुलगा समोर नाचत होता. तो मला ओळखत नव्हता की ओळख दाखवत नव्हता, हे मी अजून ठरवू शकलो नाही. २०१४ साली नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' प्रदर्शित झाला. मंजुळे आमच्याच तालुक्यातले, जेऊरचे. जत्रेच्या रात्री डोक्यावर बत्ती घेऊन उभा राहिलेला पोरगा पडद्यावर आला तेव्हा मी उठून बाहेर गेलो. मित्रांना वाटले सिनेमा आवडला नाही.

आता यंत्राकडे येतो. विजेचे दिवे आले तरी बराच काळ ते बांधलेले असत. झोत हलवायचा तर मागे माणूस लागे. १९८१ साली बार्सिलोनाला 'जेनेसिस' या इंग्लिश गायकवृंदाच्या कार्यक्रमात, डॅलसच्या शोको कंपनीने बनविलेले 'व्हॅरी-लाइट' प्रथम टांगले गेले. दिवा स्वतः मान वळवू लागला, रंग बदलू लागला, आणि त्याच्यापाशी कुणीच नव्हते. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने दिव्यांशी बोलण्याची एक सामायिक भाषा ठरविली; तिला डीएमएक्स ५१२ म्हणतात. इटलीच्या क्ले पाकी कंपनीचा 'शार्पी' हा झोत २०१०च्या सुमारास आला. त्यात अजून जुन्या जातीचा डिस्चार्ज दिवा होता, एलईडी नव्हता. तेव्हापासून आपल्याकडे कुठल्याही फिरत्या झोताला, मग तो चिनी एलईडी का असेना, शार्पीच म्हणतात, जसे कुठल्याही गॅसबत्तीला पेट्रोमॅक्स म्हणत. हे दिवे आज मोठ्या तमाशा फडांच्या ट्रकांत असतात, गणपतीत असतात, जयंतीत असतात.

या भाषेत शब्द नाहीत, नुसते आकडे आहेत. एका वायरीतून ५१२ आकडे जातात, प्रत्येक ० ते २५५ यांच्यामधला, आणि ते सेकंदाला चाळीसएक वेळा पुन्हापुन्हा पाठविले जातात. त्या दिवशी ट्रसवर बारा दिवे होते. प्रत्येकाला सोळा आकडे लागत होते : एक आडव्या वळणाचा, एक उभ्या वळणाचा, एक उजेड किती याचा, मग तांबडा, हिरवा, निळा, पांढरा, अंबर, झडप, नक्षी वगैरे. पहिल्या दिव्याचा पत्ता १, दुसऱ्याचा १७, तिसऱ्याचा ३३, असे १९२ आकडे झाले. दुपारच्या उन्हात त्याने दिव्यादिव्याला पत्ते दिले. दोन दिव्यांना एकच पत्ता पडला होता. ते जुळ्या भावांसारखे एकत्र वळू लागले तेव्हा तो हसला. ''सर, हिला पत्ता दिल्याबिगर ती आपली होत न्हाई,'' असे तो म्हणाला. बत्ती त्याच्या बोलण्यात अजून 'ती' आहे.

मी विचारले, ''एका वळणाला दोन-दोन आकडे कशाला?'' कारण आडव्या वळणाच्या आकड्याला जोडून आणखी एक बारीक आकडा होता. त्याने मलाच हिशेब करायला लावला. दिवा आडवा ५४० अंश फिरतो, म्हणजे दीड फेरी. ती २५५ पावलांत वाटली तर एक पाऊल दोन अंशांहून थोडे जास्त येते. पंधरा मीटरवर तेवढ्या वळणाने झोत जवळजवळ पावणेदोन फूट सरकतो. ''म्हंजे सर, ढोलकीवाल्याच्या तोंडावरचा उजेड एकतर त्याच्या ह्या खांद्यावर न्हाईतर त्या खांद्यावर. तोंड मधीच राहतंय.'' दुसरा आकडा त्या प्रत्येक पावलाचे २५६ भाग करतो. स्वस्तातले लाइटवाले तो वापरत नाहीत, कारण त्यांना चेहरा पकडायचाच नसतो, नुसते आकाशात झोत फिरवायचे असतात. डीजेला तेवढे पुरते.

उन्हात झोत दिसत नाही, त्यामुळे खरे काम अंधार पडल्यावरच होते. एप्रिलमध्ये आमच्याकडे सातला अंधारते आणि आठाला माणसे येऊ लागतात. एवढ्या एका तासात जागा पकडायच्या, साठवायच्या, गाण्यांच्या क्रमाने क्यू लावायचे. एका गाण्याला कधी पाच, कधी वीस. क्यू म्हणजे सर्व आकड्यांचे एक साठविलेले चित्र. एका चित्रातून दुसऱ्यात किती सेकंदांत जायचे हेही ठरवायचे. गाणी त्याला पाठ होती. ढोलकीची मात्रा तो मांडीवर मोजत होता आणि दुसऱ्या हाताने सेकंद भरत होता. हे त्याला वर्गात कुणी शिकविलेले नाही. माहितीपुस्तक इंग्रजीत, आणि तेही त्याला दुसऱ्याच कुठल्या यंत्राचे मिळाले होते.

मग निळ्याचा प्रश्न आला. समितीच्या कार्यकर्त्यांनी बजावले होते : सगळे निळे पाहिजे. मागणी रास्तच होती. पण निळ्याचा स्वभाव वेगळा आहे. एलईडीत तांबडा रंग १९६२ मध्येच हाती आला. झगझगीत निळ्यासाठी १९९३ उजाडले. जपानच्या शुजी नाकामुरांनी तो काढला, आणि त्या कामासाठी त्यांना, आकासाकी व अमानो यांच्यासह, २०१४चे नोबेल मिळाले. निळा नव्हता तोवर पांढराही नव्हता. आज घरोघरी जळणारा एलईडीचा पांढरा दिवा त्या निळ्यातूनच निघाला. आणि हा निळा आपल्या चेहऱ्यावर सरळ टाकला तर चेहरा नाहीसा होतो. सावळी कातडी तांबडा-पिवळा उजेड परतविते, निळा गिळते. तालमीच्या वेळी गायिका मधोमध उभी राहिली आणि बाराही दिव्यांनी तिच्यावर निळे ओतले, तेव्हा साडीची पांढरी किनार आणि दात एवढेच दिसले. मग त्याने थंड पांढरा लावला, तर चेहरा राखेसारखा. कार्यकर्ते म्हणाले, ''झकास!'' तो काही बोलला नाही. त्याने आठ दिवे मागच्या ट्रसवर निळे ठेवले, समोरच्या चारांत पांढऱ्याबरोबर अंबर आणि थोडा तांबडा मिसळला, आकडा दोन-दोनने वाढवत नेला आणि एका ठिकाणी थांबला. गायिकेचा चेहरा चेहऱ्याच्या रंगाचा झाला. मागे सगळे निळे. मी सौंदर्यशास्त्राच्या तासाला पाश्चात्त्यांची नावे घेऊन जे बोलतो त्यात या गोष्टीला जागा नाही, हे तेव्हा ध्यानात आले.

वाद झाला तो यानंतर. पुढे सोफ्यावर पाहुणे बसणार होते. त्यांतल्या एकाने कार्यक्रमाला मोठी देणगी दिली होती. मुख्य गाण्यात झोत त्यांच्यावर फिरवा असा समितीचा आग्रह. त्याने त्या जागी कोरसच्या दोघी आणि ढोलकीवाला यांचा क्यू ठेवला होता. तमाशात झीलकरी मागे उभे राहत आणि उजेड पोचेल तेवढाच त्यांच्यावर पोचे. ते दिसत कमी, ऐकू येत जास्त. त्याला ते एकदा तरी दिसायला हवे होते. त्याने माझ्याकडे पाहिले, ''सर, तुम्ही सांगा की.'' मी समितीचा सल्लागार आहे आणि पुढच्या वर्षीची वर्गणी माझ्याही डोळ्यांपुढे होती. मी म्हणालो, ''लाव रे बाबा, दोन मिनिटांचा प्रश्न आहे.'' विद्रोहावर मी व्याख्याने देतो.

त्याने लावला. पण दोन मिनिटे नव्हे, चार सेकंद. त्या गाण्यात झोत पाहुण्यांवर आला, त्यांनी हात जोडले, आणि झोत तसाच पुढे उचलला जाऊन खुर्च्यांच्या, बांबूंच्या पलीकडे, मागे ताडपत्रीवर बसलेल्या बायकांवर गेला आणि तिथे थांबला. त्यानंतर कोरस, ढोलकी. मागे जाणारा तो क्यू त्याने मला न सांगता भरला होता. ताडपत्रीवर माझी आज्जी होती. पाऊणशेच्या पुढे तिचे वय. उजेड अंगावर पडताच तिने पदर डोळ्यांवर ओढला, आणि तिच्या शेजारच्या दोघीतिघींनीही. एक मुलगी तेवढी उठून नाचली.

दुसऱ्या दिवशी आज्जी कुरकुरली, ''डोळ्यावर कशापायी मारला उजेड?'' मग थोड्या वेळाने विचारले, ''एवढ्या बत्त्या धरल्या कुणी व्हत्या?'' मी म्हणालो, ''कुणी नाही. आकड्यांवर चालतात.'' तिला ते पटले नाही. सकाळी तो आमच्याकडे चहाला आला तेव्हा खांदा चोळत होता, हे तिने पाहिले होते. पहाटेपर्यंत ते दिवे ट्रसवरून उतरवून टेम्पोत भरण्याचे काम त्याच्याकडेच होते. कमरेला पट्टा न बांधता पोरे वर चढतात. फलकावर गायकाचे नाव असते, मंडपवाल्याचे, साउंडवाल्याचे आणि लाइटच्या मालकाचे असते. टेबलावर बसणाऱ्याचे नसते.

आणि ते सगळे क्यू? ते एका पेनड्राइव्हवर साठवले जातात. पेनड्राइव्ह मालकाचा. शाहिराची कवने फडमालकाच्या वहीत जमा व्हायची, तसेच हे. पण शाहीर निदान शेवटच्या ओळीत आपले नाव गुंफत असे. १९२ आकड्यांत नाव कुठे गुंफणार? मी त्याला म्हणालो, निदान उतरून तरी ठेव. मला वाटले, हसेल. चार दिवसांनी तो शंभर पानी वही घेऊन आला. गाण्यागणिक, दिव्यागणिक, सगळे आकडे. समोरच्या चार दिव्यांचा पांढरा, अंबर आणि तांबडा यांच्याखाली दोन-दोन रेघा. पहिल्या पानावर तारीख, करमाळा, आणि स्वतःचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

वही सध्या माझ्याकडे आहे. त्याच्या घरात पावसाचे पाणी गळते.